एआयमुळे डिझाइनचं दुकान बंद पडेल का? मला तरी उलटंच दिसतंय

ताई, दुकान चालू ठेवावं का, मुलाने या लाइनमध्ये यावं का आणि एआयसाठी मोठा कॉम्प्युटर घ्यावा का, असं तुम्ही पत्रात विचारलंय. आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं. दुकान बंद करू नका, मुलाला या लाइनमध्ये येऊ द्या, आणि मोठा कॉम्प्युटर आत्ता घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की कळव्यात तुम्ही दोघं मिळून डीटीपी आणि डिझाइनचं दुकान चालवता, लग्नपत्रिका, लेबलं, फ्लेक्स वगैरे, मुलगा अप्लाइड आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि हल्ली गिऱ्हाईक मोबाइलवर एआयने काढलेलं डिझाइन घेऊन येतं नि म्हणतं फक्त प्रिंट मारून द्या. पोटात गोळा येणारच. मी ठाण्यात नौपाड्यात पॅकेजिंग आणि जाहिरातीचं काम करतो, पेजमेकर नि श्रीलिपी या जुन्या सॉफ्टवेअरच्या दिवसांपासून, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं त्यानंतर वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या छोट्या कारखान्यांना ही टूल्स रोजच्या कामात कशी बसवायची तेही दाखवतो. त्यामुळे खाली जे लिहितोय ते रोज डोळ्यासमोर घडणारं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की सगळेजण एआय कुठलं काम खाणार याचा हिशोब करतायत, पण आजवर जी कामं झालीच नाहीत त्यांचा हिशोब कोणी मांडत नाही, आणि माझ्या अनुभवात ती न झालेली कामं झालेल्या कामांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. परवडत नाही, वेळ नाही, माणूस नाही म्हणून ती वर्षानुवर्षं 'पुढच्या वर्षी बघू' वर पडून होती.

एक उदाहरण घ्या. ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यात केमिकलवाल्या कंपन्या किती आहेत तुम्हाला माहीतच आहे. तिथे येणाऱ्या केमिकलसोबत सेफ्टी डेटा शीट येते, १६ भागांची, ठरलेल्या फॉरमॅटची आणि बहुतेक वेळा इंग्रजीत. ती फाइलला लागते. ड्रम उचलणारा माणूस साताऱ्याचा नाहीतर जौनपूरचा, त्याच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही. डोळ्यात उडालं तर काय करायचं, सांडलं तर पाणी मारायचं की वाळू टाकायची, कुठला हातमोजा घालायचा, एवढंच मोठ्या अक्षरात मराठी-हिंदीत एका पानावर लिहून ड्रमशेजारी लावावं असं प्रत्येक मालकाला वाटायचं, पण तीस-चाळीस केमिकलांचं भाषांतर, डिझाइन, छपाई असा खर्च काढला की विषय तिथेच थांबायचा. आता मसुदा चॅटजीपीटीसारखं एआय मॉडेल करतं, प्लँटचा सेफ्टी ऑफिसर ओळ न् ओळ मूळ शीटशी ताडून बघतो, चुकलेलं दुरुस्त करतो, सही करतो, आणि मग ते काम डिझाइनला आणि सनबोर्डवर विनाइल मारायला, म्हणजे फोमच्या पाटीवर छापील स्टिकर चिकटवायला, बाहेर पडतं. बाहेर पडतं म्हणजे तुमच्यासारख्या दुकानात येतं. हे कोणाच्या ताटातलं काढून घेतलेलं काम नाही, हे कामच आधी नव्हतं.

तसंच बचत गटांचं. कळवा, कोपरी, दिघा इथे मसाले, भाजणी, दिवाळीचा फराळ करणाऱ्या किती बायका आहेत, माल एक नंबर आणि पाकीट मात्र साधी प्लास्टिकची पिशवी, वर स्टिकर. आधी त्यांचा फोटोशूटचा विचारच नसायचा, इंग्रजी वर्णन लिहून द्यायला कोणी नसायचं, परदेशी फराळ पाठवायचा तर घटक पदार्थांची नीट यादी हवी तीही नसायची. आता मोबाइलवर काढलेल्या फोटोची पार्श्वभूमी स्वच्छ होते, वर्णनाचा मसुदा दहा मिनिटांत होतो, आणि मग त्या बाईला कळतं की आपलं पाकीट दुकानात मांडण्यासारखं होऊ शकतं, आणि तिथे तिला तुमची गरज लागते. कारण एआयने काढलेलं लेबल दिसायला छान असतं, पण त्यावरचा एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्नसुरक्षा लायसन्सचा नंबर, मॉडेलने मनाने टाकलेला असू शकतो, खरा नंबर १४ आकडी आणि तिच्याच लायसन्सवरचा पाहिजे, शिवाय निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादनाची तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता, तक्रारीसाठी फोन हे सगळं कायद्याने लागतं. ते आपण हाताने टाइप करायचं आणि तिला वाचून दाखवायचं. मी हे चित्राच्या टूलवर कधीच सोडत नाही.

पण मला ज्या गोष्टीने खरोखर भारावून टाकलं ती वेगळीच आहे. वागळे इस्टेटमध्ये ओळखीचा एक प्लास्टिक मोल्डिंगचा कारखाना आहे, तिथले जुने ऑपरेटर रिटायर व्हायला आले होते, सगळे त्यांना काका म्हणतात. नायलॉनचे पार्ट काढणं हे त्यांचं काम. नायलॉन हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि ठाण्याचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर हवा कायम दमट, प्लास्टिकचा दाणा नीट वाळलेला नसेल तर पार्टवर चंदेरी रेघा उठतात, पार्ट ठिसूळ होतो आणि अख्खा लॉट रिजेक्ट. मटेरियलवाल्याच्या कागदावर ८० डिग्रीला इतके तास वाळवा एवढंच असतं. काकांच्या डोक्यात मात्र त्याच्या पुढचं होतं, म्हणजे फोडलेली गोणी पुन्हा कशी बांधायची, हॉपर ड्रायरमध्ये, म्हणजे दाणा वाळवणाऱ्या डब्यात, एका वेळी किती भरायचं, मध्ये लाइट गेली तर परत सुरू करताना आधी काय बघायचं, थोडं मटेरियल मशीनमधून बाहेर काढून ते फुसफुसतंय का, त्यात बुडबुडे येतायत का हे कसं ओळखायचं. यातलं काहीही कुठे लिहिलेलं नव्हतं आणि काका लिहिणारे नव्हेत.

आम्ही काय केलं, तर त्यांना मशीनपासून लांब ऑफिसात बसवून फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं, त्यांच्या नेहमीच्या भाषेत, अर्धं मराठी अर्धं कारखान्याचं इंग्रजी. आवाजाचा मजकूर करणारी टूल्स आता सहज मिळतात, चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय कंपनीने व्हिस्पर नावाचं मॉडेल सप्टेंबर २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, त्याला मराठी येतं, भारतीय भाषांसाठीचं सरकारचं भाषिणी हे व्यासपीठही त्याच वर्षी सुरू झालं. कारखान्यातले शब्द ते चुकीचे ऐकतं म्हणून आधी शब्दांची एक यादी करून दिली. मग मजकूर मॉडेलला दिला, पण लगेच चेकलिस्ट मागितली नाही, आधी विचारलं की यात कुठे अर्धवट राहिलंय, नवीन पोराला कुठे अडेल, ते प्रश्न काढून दे. जे प्रश्न आले ते वाचून काका म्हणाले, हे तर मला कोणी विचारलंच नव्हतं. परत बसलो, परत रेकॉर्ड केलं, आणि शेवटी एक पान तयार झालं, ते काकांनी वाचून दोन ठिकाणी खोडलं, एका ठिकाणी भर घातली. आज ते मशीनशेजारी लागलंय, खाली त्यांचं नाव आहे, बाजूला क्यूआर कोड आहे तो स्कॅन केला की त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. आणि मालकाने काकांना आठवड्यातून दोन दिवस सल्लागार म्हणून ठेवून घेतलंय कारण आता त्याला दिसतंय की या माणसाला केवढं येतं. लोक म्हणतात एआय माणसाला बाद करतं, इथे एका माणसाचं ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाणार होतं ते राहिलं आणि त्या माणसाचा मानही वाढला.

हे एका कारखान्यापुरतं आहे असंही नाही. अमेरिकेतल्या ब्रिनयॉल्फसन, ली आणि रेमंड या तीन संशोधकांनी २०२३ मध्ये ५,१७९ कस्टमर सपोर्ट एजंटांचा अभ्यास मांडला, त्यात एआयच्या सूचना मिळणाऱ्यांनी तासाला सोडवलेले प्रश्न सरासरी १४ टक्क्यांनी वाढले, नवख्या आणि कच्च्या लोकांचे तर ३४ टक्क्यांनी, आणि मुरलेल्या लोकांमध्ये फार फरक पडला नाही. कारण ते टूल मुरलेल्यांची बोलायची, अडचण ओळखायची पद्धत शिकून नवख्यांना देत होतं. ऐरोली-वाशीच्या बीपीओत पहिली नोकरी लागलेली, इंग्रजीला बिचकणारी आपली पोरं डोळ्यासमोर आणा आणि मग हा ३४ चा आकडा परत वाचा. मला यात मराठी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी मोठी संधी दिसते, ज्यांना काम येतं पण ईमेल लिहिताना हात थांबतो.

आणि मराठीचं गणितही बदललंय, हे फार कमी लोकांना माहीत आहे. ही मॉडेल्स मजकूर टोकन नावाच्या तुकड्यांत मोडून वाचतात आणि व्यावसायिक वापरात पैसे टोकनवर लागतात. आधी मराठीचे तुकडे फार पडायचे म्हणजे तेच वाक्य मराठीत महाग. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ हे मॉडेल आणलं तेव्हा त्यांनीच दिलेल्या मराठी नमुन्यात ९६ चे ३३ टोकन झाले होते. म्हणजे जवळपास तिपटीने फरक, तोही एका झटक्यात. आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या एआय४भारत गटाने २०२३ मध्ये २२ भारतीय भाषांसाठी भाषांतराचं मॉडेल खुलं केलंय, मराठी त्यात आहे. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी मातृभाषा सांगितली होती, एवढ्या लोकांच्या भाषेत मशीनची माहितीपुस्तिका, औषधाची सूचना, विम्याचा फॉर्म नीट मिळत नव्हता याचं कारण खर्च हेच होतं. तो खर्च पडतोय. मला याचा मनापासून आनंद आहे.

आता क्रिएटिव्ह कामाचं, कारण तुमच्या मुलाचा खरा प्रश्न तोच असणार. या टूल्सकडून पहिल्या फटक्यात जे येतं ते सगळ्यांना येणारं असतं. मालवणी मसाल्याचं पाकीट सांगा, नारळाचं झाड, होडी, लाल मिरची, मागे समुद्र, हे येणारच. मी ते मुद्दाम आधी काढून घेतो, वीस-पंचवीस पर्याय, म्हणजे बाजारात सगळ्यांच्या पाकिटावर काय असणार आहे ते भिंतीवर लागतं आणि त्यातलं काही करायचं नाही हे पक्कं होतं. पूर्वी तेवढे कच्चे पर्याय काढायला आठवडा जायचा आणि दमून आपण त्यातलाच एक निवडायचो. मग मसाला करणाऱ्या बाईंशी निवांत बोलायला वेळ उरतो. एकींशी बोलताना कळलं की त्या वर्षाचा मसाला उन्हाळ्यातच कुटून ठेवतात, पावसाळ्यात नवीन करत नाहीत, तर आम्ही पाकिटावर सगळ्यात मोठं 'वैशाखात कुटलेला' एवढंच लिहिलं, बाकी काही नाही. हे मॉडेलला सुचलं नसतं कारण ते बाईंच्या डोक्यात होतं आणि कोणीतरी समोर बसून विचारायची गरज होती. बोलणं, बघणं, निवडणं हे आपल्याकडे राहतं आणि त्याला आता जास्त वेळ मिळतो, क्रिएटिव्ह माणसाला आणखी काय पाहिजे?

नाटकवाल्या पोरांचंही तेच बघतोय. एकांकिका करणारे ग्रुप, ठाण्याच्या घाणेकर नाहीतर गडकरी नाट्यगृहात प्रयोग व्हावा हे स्वप्न, खिशात पैसे नाहीत. आता दिग्दर्शक रात्री बसून सेटची, प्रकाशाची कच्ची चित्रं काढतो, दुसऱ्या दिवशी नेपथ्यवाल्याला दाखवतो की मला साधारण हा अंधार पाहिजे, दोघांचं भांडण लवकर मिटतं. सेट माणसंच लावतात, अभिनय माणसंच करतात. एक गोष्ट मात्र मी ठामपणे पाळतो आणि मुलालाही सांगा, कुठल्याही जिवंत कलाकाराच्या शैलीत काढून दे असं टूलला सांगायचं नाही आणि कोणाचाही आवाज त्याच्या लेखी परवानगीशिवाय आणि पैसे दिल्याशिवाय वापरायचा नाही. कलाकारांची चिंता अगदी खरी आहे, ती झटकून टाकून चालणार नाही.

बुद्धिबळाचं बघा. १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या कॉम्प्युटरने विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवलं तेव्हा खूप जणांना वाटलं की आता खेळात राम उरला नाही. झालं काय, तर तगड्या सोव्हिएत प्रशिक्षकांकडेच मिळायचं तसं विश्लेषण घरच्या कॉम्प्युटरवर आलं. १९८८ मध्ये विश्वनाथन आनंद भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला, जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकून ८८ वी ग्रँडमास्टर झाली. आणि दोन मशीनची मॅच बघायला लोक स्क्रीनला चिकटून बसत नाहीत, दिव्या आणि कोनेरू हंपीची फायनल बघायला बसतात.

काही कामं कमी होणार हे लपवत नाही. नुसतं टायपिंग, फोटोचं बॅकग्राउंड काढणं, ठरावीक साच्यातली पत्रिका, शब्दाला शब्द भाषांतर, यावर कोणाचं दुकान पूर्ण चालत असेल तर त्याने आजच बदलायला सुरुवात करावी. तुमचं वर्णन वाचून तुमचं तसं वाटत नाही, लेबल आणि फ्लेक्समध्ये छपाईचं ज्ञान लागतं.

तपासणीबद्दल एक सांगतो कारण इथेच आपली खरी किंमत आहे. २०२३ मध्ये बीसीजी या सल्लागार कंपनीच्या ७५८ कन्सल्टंटांवर एक प्रयोग झाला, एआयला जमणाऱ्या कामांत ते वापरणाऱ्यांनी १२ टक्के जास्त कामं केली आणि २५ टक्के लवकर केली, पण मुद्दाम एआयला न झेपणारं काम दिलं तेव्हा एआय वापरणाऱ्यांत बरोबर उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा १९ टक्केबिंदूंनी कमी पडलं. म्हणजे कुठे चालतं आणि कुठे घसरतं हे ओळखणारा माणूस लागतोच. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या लवादाने एअर कॅनडाला प्रवाशाचे पैसे भरून द्यायला लावले कारण त्यांच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने सवलतीची चुकीची माहिती दिली होती, चॅटबॉट वेगळा आणि आम्ही वेगळे हे म्हणणं चाललं नाही. त्यामुळे मी टेंडर वाचायला मॉडेल वापरतो तेव्हा प्रत्येक मुद्द्यापुढे पान नंबर मागतो आणि ते पान उघडून बघतो, बेरीज-वजाबाकी एक्सेलमध्येच करतो, आणि क्लायंटचं ड्रॉइंग किंवा कोणाचं आधार कार्ड एआयच्या फुकटच्या अकाउंटवर कधी टाकत नाही. या तीन सवयी लावल्या तर निम्मी भीती जाते.

मुलाने काय शिकावं? हाताने ड्रॉइंग सोडू नये. देवनागरी अक्षर नीट शिकावं, कारण चित्र काढणारी टूल्स जोडाक्षरात अजूनही कधी कधी घोटाळे करतात, आणि मराठीचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे दिसतात हे तर त्यांना सांगावं लागतं. मी मजकूर कधीच चित्रात मागत नाही, चित्र वेगळं आणि अक्षरं कोरेलड्रॉमध्ये वेगळी, 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांच्या 'मुक्त', 'बलू' या फॉन्टना लायसन्सचा त्रास नाही. कमल शेडगेंनी नाटकांच्या जाहिरातींना अक्षरांनी चेहरा दिला, अच्युत पालवांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, आपल्याकडे अक्षराला मान आहे आणि तो वाढणार आहे, कारण गुळगुळीत चित्रं सगळ्यांकडे झाली की हाताचं अक्षर लगेच उठून दिसतं. दुसरं म्हणजे छपाई. गिऱ्हाईक मोबाइलवरून आणतं ते चित्र बऱ्याचदा १०२४ पिक्सेलचं असतं, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, ते साडेतीन इंचही भरत नाही, रंग आरजीबीत म्हणजे स्क्रीनच्या रंगांत असतात, स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा सीएमवायकेत म्हणजे छपाईच्या चार शाईंत मरतो, ब्लीड म्हणजे कापण्यासाठी कडेला ठेवलेली जादा जागा नाही, डायलाइन म्हणजे बॉक्स कुठे कापायचा-दुमडायचा त्याची आखणी नाही. 'फक्त प्रिंट मारा' म्हणणाऱ्याला हे दहा मिनिटं समोर बसवून दाखवा, चिडून नाही, प्रेमाने, आणि त्याचं चित्र छपाईला तयार करून द्यायचे वेगळे पैसे सांगा. माझे बरेच क्लायंट आता असेच येतात, स्वतः अर्धं करून आणतात, त्यांना काय पाहिजे ते आधीच कळलेलं असतं, त्यामुळे काम पटकन संपतं आणि महिन्याला जास्त कामं होतात.

रेट तासावर लावू नका, नगावर लावा. तास कमी लागला याचा फायदा थोडा तुम्हाला, थोडा गिऱ्हाइकाला.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर ही टूल्स बहुतेक ब्राउझरमध्ये चालतात, आहे त्या मशीनवर चालतील, महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. दोघांत मिळून एक महिन्याची सबस्क्रिप्शन घ्या, जमलं नाही तर बंद करा. कॉम्प्युटरला ठेवलेल्या पैशातून मॉनिटर आणि प्रिंटरचं रंगांचं कॅलिब्रेशन, म्हणजे दोन्हीकडचे रंग जुळवणं, करून घ्या, आणि जवळच्या कारखान्यांपैकी एकाकडे त्या सेफ्टी बोर्डांचं विचारून बघा, मुलाला सोबत न्या.